भिंगरीची हनुवटी

गॅसवर दूध, बाथरूममध्ये सासरे, आणि दोन्हींकडे माझा एकेक कान. दूध उतू जाताना आवाज करत नाही. सासरे मात्र बाहेर येण्याआधी बराच वेळ खाकरतात, म्हणून त्यांच्याकडचा कान थोडा सैल सोडला तरी चालतो. नवरा एका पायात मोजा घालून दुसरा शोधत होता. तेवढ्यात दार वाजलं. वाजलं म्हणजे काय, बेल असताना कुणीतरी कडी, फळी, चौकट सगळंच वाजवलं.

"भिंगरी असणार," मोज्याचा शोध न थांबवता नवरा म्हणाला.

भिंगरीच होता. समोरच्या दारातला आमचा शेजारी. गळ्यात टॉवेल, एका गालावर साबणाचा फेस, दुसरा गाल लालभडक, हनुवटीखाली रक्ताचा बारीक ओघळ. रेझर हातात तसाच.

"वहिनी, गरम पाणी आहे? आमचं गार झालं. म्हणजे मध्येच मी गच्चीत जाऊन आलो."

"अर्धी दाढी टाकून गच्चीत?"

"काहीतरी पडल्याचा आवाज आला."

"मग काय पडलं होतं?"

"काहीच नाही. पण बघून आलेलं बरं."

मी पातेलं चढवलं. पाणी तापेपर्यंत साधा माणूस दारात उभा राहतो. ह्याने आमच्या चपला जोडीने लावल्या, मीटरच्या पेटीचं झाकण दाबून बसवलं, जिन्याच्या कठड्यावरची धूळ बोटाने पुसली आणि ते बोट उजेडात धरून बघितलं. पायाला भिंगरी असलेली माणसं पुष्कळ पाहिली, पण ह्याच्या हातांना, मानेला, डोळ्यांनाही ती लागलेली. त्याचं खरं नाव खाली पत्रपेटीवर लिहिलेलं आहे, ते पोस्टमनशिवाय कुणी वाचत नाही. भिंगरी हे नाव त्याच्या आत्याने ठेवलं, तो रांगत होता तेव्हा. त्याची बायको शिवणाच्या दुकानात कपडे घट्ट-सैल करून देते आणि भल्या सकाळी घराबाहेर पडते. तिने एकदा मला लग्नाचा फोटो दाखवला होता. सगळे जागच्या जागी, आणि नवरदेवाच्या तोंडाच्या ठिकाणी नुसता धूर.

"बघा ताई," ती म्हणाली होती, "मी ह्या धुराशी लग्न केलं."

असा माणूस नोकरीत टिकणार कसा? आधी तो एका मोठ्या इमारतीत लिफ्ट चालवायचा. दिवसभर वर-खाली फिरतोय म्हणजे ह्याला आवडेल, असं घरच्यांना वाटलं. पण लिफ्ट फिरते, लिफ्टवाला स्टुलावर बसून असतो. मग पहारेकरी झाला. राखायचं फाटक सोडून सगळीकडे असायचा. एका उपाहारगृहात वाढपी होता, तिथे गिऱ्हाइकाचा शेवटचा घास तोंडात जायच्या आत ताट उचलायचा. शेवटी गाड्या रंगवायच्या गॅरेजमध्ये झाडू मारायला लागला. तिथे कुणीतरी गंमत म्हणून त्याच्या हातात रंग फवारायची गन दिली, आणि तो थांबला.

हे 'थांबला' मी ऐकीव सांगत नाही. आमच्या गाडीचं दार एका खांबाने चेपलं होतं (खांबानेच, कारण चालवत नवरा होता), तेव्हा मी त्या गॅरेजात गेले होते. रंग मारायची बंद खोली असते, तिला ते बूथ म्हणतात. काचेतून आत दिसतं. पांढरा झगझगीत उजेड, वाऱ्याची घरघर, धूळ उडू नये म्हणून ओली केलेली जमीन. आत डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या कपड्यात, नाकातोंडावर रबरी मास्क चढवलेला एक माणूस. पाय रोवलेले. हात मात्र या टोकाकडून त्या टोकाकडे सरळ जात होता, ड्रॉवर उघडावा तसा. टोकाला पोचला की मनगट वळायचं, आणि हात त्याच वेगाने परत. मी बराच वेळ बघत राहिले, मग शेजारच्या फोरमनला विचारलं, "आमचा भिंगरी कुठे आहे?"

"हा काय," तो म्हणाला. "ह्याच्याइतका शांत हात माझ्याकडे दुसरा नाही."

मी परत काचेतून पाहिलं. घरी आल्यावर सासऱ्यांना सांगितलं, तर ते म्हणाले, "सूनबाई, तुम्हाला चष्मा लागला."

तर त्या बूथमध्ये राहायचं तर तो रबरी मास्क तोंडावर पक्का बसायला हवा. रंगाची वाफ छातीत गेली की वाट लागते. दाढीचे खुंट असले की मास्कची कड अधांतरी राहते, त्या फटीतून वाफ आत. म्हणून रोज सकाळी, कामाच्या आधी, गुळगुळीत दाढी. फोरमन दारात उभा राहून एकेकाच्या हनुवटीवरून अंगठा फिरवतो आणि मग आत सोडतो. बाकीच्यांना त्याचं काही नाही. पण भिंगरीचे केस राठ आणि कुरळे. कापले की टोकं वळून परत कातडीत घुसतात. त्यांच्या पुळ्या होतात, त्या पुळ्यांवर मास्कची कड दिवसभर रुतते, आणि दुसऱ्या सकाळी त्याच जागेवरून पुन्हा ब्लेड.

त्वचेच्या डॉक्टरीणबाईंनी दाढीआधी लावायचं एक क्रीम दिलं होतं. त्याने केस मऊ पडायचे, रेझर अलगद जायचा. पण ट्यूब बोटाएवढी आणि किंमत हाताएवढी. तो तिच्यातला कण न् कण वापरायचा; शेवटी कात्रीने उभी चिरून आतून खरवडायचा. तेवढ्या पैशात घरात काय काय आलं असतं, हे बायको बोलून दाखवत नसे. नुसती ट्यूबकडे बघत असे. ते जास्त लागतं. आता ट्यूब संपली होती आणि नवी आणायची नाही, काहीतरी स्वस्तातलं शोधायचं, असं त्याने ठरवलं होतं. आमच्या दारातला तो लाल गाल त्या शोधातला.

सासरे एकदाचे खाकरत बाहेर आले. त्यांची दाढी बघण्यासारखी असते, एक केस मागे राहत नाही. त्यांनी भिंगरीला खालून वर न्याहाळलं.

"काय रे, मांजराशी भांडलास का?"

"काका, दाढीआधी काय लावावं? काल बायकोचा केसांचा कंडिशनर लावला, तर तोंडाला वास आणि मास्कमध्ये गुदमरलो. परवा कोरफड लावली, ती बरी होती पण वाळून ताणते."

"तेल लाव. चार थेंब. आमच्या वडिलांनी जन्मभर तेच केलं."

"त्यांना पुळ्या यायच्या?"

"त्यांना कशाचंच काही यायचं नाही. राग सोडून."

पाणी तापलं. भिंगरी पातेलं घेऊन गेला. जाताना आमचं दार उघडं, त्याचं दार उघडं, आणि मध्ये जिन्यात पाण्याचा माग.

मी दुधाकडे वळले. ते उतू गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दार पुन्हा तसंच वाजलं. ह्या वेळी तो हसत होता. "वहिनी, हात लावून बघा! बरं राहू द्या, काका, तुम्ही बघा." सासऱ्यांनी गालावरून बोट फिरवलं आणि आपलंच कौतुक झाल्यासारखा चेहरा केला. तेलाने काम केलं होतं. घरातल्याच बाटलीतलं, वेगळा खर्च नाही. पुढचे काही दिवस तो जिन्यात शीळ घालत उतरायचा. पुळ्या विझत चालल्या होत्या. त्याची बायको मला म्हणाली, "ताई, ट्यूबचं भूत उतरलं बाई एकदाचं."

आणि मग शीळ बंद झाली.

एका काळ्या गाडीचं बॉनेट त्याने रंगवलं होतं. काळा रंग म्हणजे परीक्षाच, त्यात काही लपत नाही. बूथमधून बाहेर काढलं तर रंगात बारीक बारीक गोल खळगे, जणू कुणी ओल्या रंगावर मोहरी फेकून उचलून घेतली. खळग्याच्या तळाशी खालचा थर दिसत होता. सगळं घासून काढलं, पुन्हा रंग मारला, पुन्हा खळगे. रंगाला अशी खळी पडते ती तेलकटपणाने, हे गॅरेजमध्ये सगळ्यांना पाठ असतं. मग तेल येतंय कुठून? फोरमनने हवेचा कॉम्प्रेसर खोलला, गाळण्या बदलल्या, नळी बदलली, पुसायची फडकी फेकून नवीन आणली. भिंगरी तर हात इतके धूत होता की बोटांची कातडी सोलवटली. दुसरा रंगारी त्याच गनने, त्याच हवेवर रंग मारायचा तेव्हा काही व्हायचं नाही. भिंगरी आत गेला की खळगे.

"गॅरेजमध्ये काय बोलतात माहितीये?" तो आमच्या खोलीत येरझाऱ्या घालत म्हणाला. "म्हणतात, ह्याला घासकामाला टाका. दिवसभर पॉलिश पेपर घेऊन पत्रे घासायचे. वहिनी, मला घासकामाची लाज नाही. पण तिथे... तिथे मी पुन्हा..." त्याने हवेत हात गरागरा फिरवला. त्याला काय म्हणायचं होतं ते मला कळलं. लिफ्ट, फाटक, उपाहारगृह.

"बस जरा," मी म्हटलं.

"बसतो," म्हणाला, आणि खिडकीपाशी जाऊन उभा राहिला. काचेला नाक आणि हनुवटी टेकवून खालचा रस्ता बघू लागला. तिथून टेबलापाशी, टेबलापासून पुन्हा खिडकीपाशी.

"अरे, आत्ता पुसलीय ती काच!" मी ओरडले. फडकं बादलीतच होतं. त्याने हनुवटी टेकवली होती तिथे लांबट गोल डाग उठला होता. मी त्यावर पाणी मारलं. बाकीच्या काचेवर पाण्याचा सपाट पडदा धरला, पण त्या डागावर पाणी टिकेना. ते बाजूला सरकलं, आक्रसलं, आणि मध्ये कोरडी गोल गोल छिद्रं उघडी राहिली.

मी फडकं फिरवणार तोच त्याने माझा हात हवेतच थांबवला.

"पुसू नका."

तो वाकून बघत होता. मी त्याच्याकडे बघत होते, कारण तो हलत नव्हता.

"हेच," तो म्हणाला. "वहिनी, अगदी हेच पडतात."

त्याने हळूच स्वतःच्या हनुवटीला बोट लावलं. मग ते बोट काचेवर दुसरीकडे टेकवून वर पाण्याचा थेंब सोडला. पाणी पळालं.

"मी हात धुतो," तो म्हणाला. "गॅरेजमध्ये सगळे हातच धुतात. तोंडाचं कुणाच्या डोक्यात येणार? तोंड तर मास्कच्या आत."

"मग मास्कच्या आतलं तेल बॉनेटवर कसं जाईल?"

त्याला उत्तर द्यावं लागलं नाही. बोलता बोलताच त्याचं बोट पुन्हा हनुवटीखाली गेलं होतं आणि बऱ्या होत चाललेल्या पुळ्या खाजवत होतं. आम्ही दोघांनी ते एकदमच पाहिलं. काम चालू असताना खाज सुटली की तो मास्कच्या कडेखाली हातमोज्याचं बोट घालायचा, आणि त्याच हाताने फडकं घेऊन पत्रा शेवटचा पुसायचा. स्वच्छ व्हावा म्हणून.

"तेलाने केलं हो काकांच्या!" त्याने कपाळाला हात लावला. "ट्यूबच बरी होती."

सासरे आतल्या खोलीतून म्हणाले, "माझं नाव घ्यायचं नाही. मी दाढीला सांगितलं होतं, गाडीला नाही."

ट्यूबचा विषय निघालाच, म्हणून मी त्याला ती घेऊन यायला सांगितलं. चिरलेली ट्यूब त्याने अजून तिच्या खोक्यात ठेवलेली होती. खोक्यावर अगदी मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत आत काय काय आहे ते छापलेलं असतं. उजेडात धरून मी एकेक वाचायला लागले. मला त्यातलं निम्मं कळत नव्हतं, त्याला उरलेलं निम्मं. पण एका शब्दावर तो अडला.

"परत वाचा."

मी परत वाचलं. कातडी बुळबुळीत करायला घातलेला सिलिकॉनचा कुठलासा प्रकार होता तो.

"ह्याला तर बूथमध्ये बंदी आहे," तो म्हणाला. "दाराला पाटी आहे. गाडीच्या पॉलिशमध्ये असतं, म्हणून पॉलिशचा डबासुद्धा आत नेत नाहीत." मग त्याने खोकं माझ्या हातातून घेतलं. "म्हणजे आधी कधीतरी एखाददुसरा खळगा पडायचा, मी धूळ समजून घासून टाकायचो... तोही मीच."

महागातली ट्यूब गेली, फुकटातलं तेल गेलं. त्याने दोन्ही पडदे नीट केले आणि तो निघून गेला.

दुसऱ्या दिवशी त्याने फोरमनला सगळं सांगितलं. लपवलं असतं तर खपलंही असतं. तेल सोडलं असतं, खळगे थांबले असते, दोष कॉम्प्रेसरच्या माथी. बायकोनेही तसं सुचवलं. "पण मला ते डोक्यात घेऊन आत उभं राहता आलं नसतं," तो मला म्हणाला. फोरमनने त्याच्या हनुवटीवर बोट फिरवलं, ते एका भंगार पत्र्यावर टेकवलं आणि वर रंग मारला. खळगा पडला. फोरमन ओरडला नाही. "कॉम्प्रेसरचा स्क्रू न् स्क्रू काढला रे मी," एवढंच म्हणाला. मग म्हणाला, तूर्त घासकामाला जा, बूथमध्ये दुसरा रंगारी. सोमवारी मास्क लावून तपासू. कडेखालून वाफ आली नाही, कातडी फुटलेली नसली आणि पत्र्यावर खळगा उठला नाही, तर जागा तुझी. नाहीतर त्याची, कायमची.

आता तेल नाही, क्रीम नाही, आणि तरी केस मऊ पडले पाहिजेत.

मी सासऱ्यांकडे बघितलं. "बाबा, तुम्ही काय लावता?"

"साबण."

"त्याआधी?"

"काही नाही. गरम पाण्यात टॉवेल पिळून तोंडावर ठेवतो आणि बसून राहतो. मग साबणाचा फेस करतो आणि परत बसून राहतो. तुम्ही सगळे बाथरूमचं दार बडवता ना, तेव्हा मी बसलेला असतो."

इतक्या वर्षांत आम्हाला वाटायचं की ते आत पेपर वाचतात.

दवाखान्यात फोन करून डॉक्टरीणबाईंना विचारलं, तर त्यांनीही तेच सांगितलं. केस पाण्यानेच मऊ होतो, क्रीम फक्त घाईवाल्यांसाठी. टॉवेल निवेपर्यंत बसायचं, मग साधा साबण, केसांच्या दिशेनेच रेझर, एका जागेवरून पुन्हा पुन्हा नाही. वर गार पाणी. खाजवायचं नाही. फार ताणलं तर रात्री झोपताना ग्लिसरीनचं बोट, आणि सकाळी ते धुऊन टाकायचं. टॉवेल घरात होता, पाणी नळाला होतं, साबण होता. दमडीचा खर्च नाही.

फक्त बसायचं होतं.

पहिल्या दिवशी त्याने टॉवेल तोंडावर ठेवला आणि लगेच उठला, कारण गॅस बंद केलाय का ते बघायचं होतं. गॅस लावलेलाच नव्हता. दुसऱ्या दिवशी मी जिन्यात गेले तर तो टॉवेल तोंडावर धरूनच खाली उतरत होता. पेपर आला का बघायला. वरच्या मजल्यावरच्या आजी समोरून येत होत्या. त्यांनी जी किंकाळी फोडली ती रस्त्यापलीकडच्या दुकानदाराने ऐकली. तिसऱ्या दिवशी बायकोने कामावर जाण्याआधी त्याला खुर्चीत बसवलं, टॉवेल ठेवला, वर दम भरला. तिची पावलं जिन्यावरून उतरेपर्यंत तो बसला. मग टॉवेल ओला होता तेवढ्यात खिडक्या पुसून घेतल्या.

दाढी रोज अर्ध्या भिजलेल्या केसांवर होत होती. गाल पुन्हा लाल. एका पुळीतून पाणी येऊ लागलं. बायको मला म्हणाली, "ताई, एवढंसं बसायचं, तेही स्वतःच्या घरात, स्वतःच्या खुर्चीत! लहान मूल असतं तर मांडीवर दाबून धरलं असतं." ती हसत होती, पण दाराची कडी लावताना तिचा हात चुकला.

शनिवारी संध्याकाळी तो आमच्याकडे आला आणि टेबलाभोवती फिरत राहिला.

"बूथमध्ये कसा उभा राहतोस रे मग?" सासऱ्यांनी विचारलं. टोमणा नव्हता तो, त्यांना खरंच कळत नव्हतं.

"तिथे समोर पत्रा असतो, काका. ओला. आपण हललो तर तो बिघडतो. म्हणून पाय उचलत नाहीत." तो थांबला, पुन्हा चालू लागला. "खुर्चीत बसलो की समोर काहीच नसतं. भिंत असते. मी हललो काय, नाही हललो काय, भिंतीला काय त्याचं?"

सासऱ्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला.

रविवारी सकाळी बाथरूम रिकामं होतं, कारण सासऱ्यांनी त्यांचा साबण, ब्रश आणि गरम पाण्याची बादली बाल्कनीत मांडली होती. का, ते त्यांनी सांगितलं नाही. मी दूध उतरवत होते तेव्हा बेल वाजली. एकदाच, साधी. मी दार उघडलं तर भिंगरी. टॉवेल खांद्यावर, कोरडा. रेझर शर्टाच्या खिशात. दाढी न केलेली. त्याचे डोळे चपलांवर गेले, मीटरच्या पेटीवर गेले, पण हात खालीच राहिले.

"वहिनी, काका आहेत?"

"बाल्कनीत आहेत. ये की."

तो आत आला. सासरे टॉवेल पिळत होते. तो त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिला, एका पायावरून दुसऱ्या पायावर झाला.

"काका, आज, उद्या आणि मग रोज," तो म्हणाला, "दाढीआधी मी तुमच्यासमोर टॉवेल घेऊन बसतो. बोलू नका, काही करू नका. फक्त तो निवेपर्यंत मला उठू देऊ नका."